लेदर फ्लाइट जॅकेटवर चित्र, पॅच, भरतकाम: सुई टोचण्याआधी हे वाचा

कापडाच्या जॅकेटवर काही वाकडं शिवलं गेलं तर उसवता येतं, वर इस्त्री फिरवली की भोकं बुजतात. लेदरला ती सोय नाही. सुई एकदा आरपार गेली की ते भोक जॅकेट आहे तोवर तिथंच राहतं. कामाचा क्रम काय ठेवायचा, स्वतः काय करायचं, कारागिराकडे काय द्यायचं आणि कशाच्या वाटेलाच जायचं नाही, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकले. त्या उड्डाणांची आठवण म्हणून माझ्या तपकिरी ए-टू (वैमानिकांच्या फ्लाइट जॅकेटचा एक प्रकार) जॅकेटच्या पाठीवर पवना धरणावर तरंगणारं ग्लायडर रंगवलं आणि छातीवर पॅच लावून घेतला. त्या वेळी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. रंगवणारे शिवणकामाबद्दल बोलत नव्हते, शिवणाऱ्यांना रंगाची माहिती नव्हती, आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं कुणी नावच काढत नव्हतं. ते सगळं इथे एका जागी देते आहे.

1. आधी हातातलं जॅकेट ओळखा

दुकानात 'फ्लाइट जॅकेट' म्हणून जे मिळतं त्यात मुख्य तीन घराणी आहेत, आणि प्रत्येकाला वेगळं काम शोभतं.

ए-टू हे अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने 1931 मध्ये स्वीकारलेलं जॅकेट. शर्टासारखी कॉलर, पुढे चेन, खाली झाकणाचे दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी. मूळची बरीचशी घोड्याच्या कातड्याची होती, आता बहुतेक बकरीच्या कातड्याची मिळतात. ए-टूची पाठ अखंड एका तुकड्याची असते, मध्ये शिवण नसते. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातली बहुतेक प्रसिद्ध चित्रं याच जॅकेटच्या पाठीवर आहेत. स्वस्त नकलांमध्ये कातडं वाचवण्यासाठी पाठीला मधोमध जोड देतात. चित्र काढायचं असेल तर विकत घेतानाच जॅकेट उलटं करून पाठ बघा.

जी-वन हे अमेरिकी नौदलाचं. कॉलरला फर असते आणि हात पुढे नेता यावेत म्हणून पाठीला दोन्ही खांद्यांमागे चुण्या असतात. या चुण्या उघडतात-मिटतात, त्यामुळे मोठं चित्र त्यांच्यावर जाऊ देऊ नका. या जॅकेटची परंपरा पॅचची आहे. नौदलाचे वैमानिक त्यावर अंगभर पॅच लावतात.

तिसरं घराणं लोकरीसकट मेंढीच्या कातड्याचं. अमेरिकेचं बी-थ्री आणि ब्रिटिश हवाई दलाचं अर्व्हिन जॅकेट त्यात येतात. हे जाड असतं, घरच्या मशीनखाली जात नाही, आणि शिवलं तर आतली लोकर टाक्यात अडकते. नवख्यांनी यापासून सुरुवात करू नये.

आता कातडं खरं आहे का ते बघा. शिवणीजवळची किंवा खिशाच्या आतली कापलेली कड शोधा. खऱ्या कातड्याची कड तंतुमय, केसाळ दिसते. रेक्झिनला मागे विणलेलं कापड आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा दिसतो. रेक्झिनवर रंग लावता येतो, पण पुढे सांगितलेलं अ‍ॅसिटोन त्याला लावलं तर तो पापुद्राच विरघळतो.

खरं असेल तर कॉलरच्या मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला तर वर संरक्षक थर आहे, म्हणजे रंगण्याआधी तो उतरवावा लागेल. थेंब लगेच मुरून डाग गडद झाला तर कातडं उघडं आहे. त्यावर रंग चांगला धरतो, पण चुकलेला पुसता येत नाही. सुएड, म्हणजे मखमली पाठ असलेलं कातडं, रंगकामासाठी सोडूनच द्या.

आणि आजोबा-काकांकडून किंवा परदेशातल्या जुन्या बाजारातून तुमच्या हाती खरंच युद्धकाळातलं जॅकेट आलं असेल, तर त्याला हात लावू नका. त्यावर नवा रंग किंवा नवा पॅच लावला की त्याचं ऐतिहासिक मोल गेलं, ते पुन्हा आणता येत नाही.

2. काय लावायचं ते ठरवा

या सजावटीमागचा इतिहास थोडा माहीत असला की निवड सोपी जाते. बॉम्बफेकी विमानांच्या नाकाडावर तुकडीतलाच एखादा चित्रकार विमानाचं नाव आणि चित्र रंगवायचा. तेच चित्र मग कर्मचाऱ्यांच्या जॅकेटच्या पाठीवर यायचं. त्याखाली एकेका मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब रांगेत रंगवला जाई. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलात सुरुवातीला 25 मोहिमा झाल्या की माणूस घरी परतायचा, म्हणून त्या रांगेला केवढा अर्थ होता. छातीवर डाव्या बाजूला नावाची लेदरची पट्टी आणि तुकडीचं चिन्ह असे. अशी शेकडो चिन्हं त्या काळात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने काढून दिली होती. चीनमध्ये लढलेल्या फ्लाइंग टायगर्सचा पंखवाला वाघ त्यातलाच.

चीन-बर्मा-भारत आघाडीवरच्या वैमानिकांच्या जॅकेटांवर आणखी एक गोष्ट दिसते: चीनचा झेंडा आणि खाली चिनी अक्षरांत मजकूर असलेला कापडी तुकडा. 'हा परदेशी वैमानिक मदतीला आला आहे, याला वाचवा' अशा अर्थाचा तो मजकूर. या आघाडीचे बरेच पॅच भारतातच बनले. रंगीत कातड्याचे तुकडे कापून एकमेकांवर शिवलेले किंवा जरीच्या तारेने हातानं भरलेले हे पॅच आज संग्राहक शोधत असतात. आपल्याकडचे जरदोजी कारागीर हे काम आजही तितक्याच ताकदीने करतात, म्हणून हा पर्याय मनात ठेवा.

त्या जॅकेटांवरचा प्रत्येक ठिपका घालणाऱ्याने जगलेला होता. म्हणून माझं स्पष्ट मत असं की तयार मिळणारे दुसऱ्यांच्या तुकड्यांचे पॅच गोळा करून जॅकेट भरू नये. तुमचा ट्रेकिंगचा गट, तुमची बुलेट, गावची टेकडी, आजीच्या हातच्या गोधडीची नक्षी, यातलं काहीही चालेल. मोहिमांच्या बॉम्बच्या जागी मी छोटी ग्लायडरं रंगवली आहेत आणि रांगेत पुढे जागा मोकळी ठेवली आहे.

काही गोष्टी मात्र टाळाच.

भारतीय सैन्यदलांची चिन्हं, हुद्द्याच्या पट्ट्या, वैमानिकांचे पंख लावू नका. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. हेतू तसा नसला तरी विमानतळावर किंवा लष्करी छावणीच्या दारात ते समजावत बसण्याची वेळ कशाला आणायची?

तिरंगा लावण्याचा मोह होतो. 1971 च्या राष्ट्रीय सन्मानविषयक कायद्यात कमरेखालच्या कपड्यावर झेंडा वापरणं तर बसत नाहीच, शिवाय कपड्याच्या कापडावर तो भरणं-छापणंही अवमानात धरलं आहे. मी त्या वाटेला गेले नाही. अशोकस्तंभाची राजमुद्राही तशीच, तिच्या वापरावर स्वतंत्र कायदा आहे.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि मोटरसायकल चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक जास्तीची सूचना. पाठीवर वर एक कमान, मध्ये चिन्ह, खाली दुसरी कमान अशी तीन तुकड्यांची मांडणी तिकडच्या मोटरसायकल क्लबांची ओळख असते, आणि ते त्याबाबत फार कडक असतात. तुमचा मजकूर कितीही निरुपद्रवी असला तरी ती रचना घेऊ नका.

शब्द निवडताना ते अनोळखी माणसाला कसे दिसतील याचाही विचार करा. 1943 च्या अखेरीस एक अमेरिकी बॉम्बार्डियर (विमानातून बॉम्ब सोडणारा) 'मर्डर इन्क' असं लिहिलेलं जॅकेट अंगात असताना जर्मनांच्या हाती लागला. ते फक्त त्याच्या विमानाचं नाव होतं. जर्मन प्रचारयंत्रणेने तो फोटो 'हे बघा अमेरिकी खुनी' म्हणून छापला.

3. मांडणी कागदावर, मग अंगावर

चित्र खऱ्या मापाचं कागदावर काढा, कापा आणि कागदी मास्किंग टेपने जॅकेटवर चिकटवा. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका, ती काढताना वरचा थर निघू शकतो. टाचण्या तर अजिबात नकोत.

मग जॅकेट अंगात घालून कुणालातरी पाठीमागून फोटो काढायला सांगा. एक फोटो हात खाली सोडून, एक दोन्ही हात पुढे मोटरसायकलच्या हँडलवर असल्यासारखे ठेवून, आणि एक बसून. टेबलावर सपाट पसरलेलं जॅकेट आणि अंगावरचं जॅकेट यांत फार फरक असतो. बसल्यावर कमरेची पट्टी वर चढते आणि पाठीच्या खालच्या भागाला आडव्या घड्या पडतात. तिथे रंग सगळ्यात आधी तडकतो, म्हणून चित्राचा मुख्य भाग खांद्याच्या पाट्यांच्या मधोमध ठेवा. काखेजवळ आणि कोपरावर काहीच नको.

देवनागरी अक्षरं कमानीत लिहायची असतील तर शिरोरेषा आधी वाकवून आखून घ्या आणि अक्षरं तिला टांगा. प्रत्येक अक्षर सरळ ठेवून नुसतं वर-खाली सरकवलं तर शिरोरेषा पायऱ्यांसारखी तुटते. वेलांट्या आणि रफार यांच्यासाठी वर पुरेशी जागा सोडा. ष्ठ, द्ध, ट्ट अशी जोडाक्षरं लहान आकारात नुसता ठिपका होतात, म्हणून शब्दात ती असतील तर अक्षर मोठं घ्या किंवा शब्द बदला.

हस्ताक्षराची खात्री नसेल तर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून कागदावर अक्षरं काढून घ्या. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकचे मागचे फाळके लिहिणाऱ्या या लोकांचा हात अजून कुठल्याही संगणकी अक्षरापेक्षा देखणा आहे. फक्त त्यांना जॅकेटवर त्यांचा ऑइल पेंट लावू देऊ नका. तो वाळून कडक होतो आणि घडीवर फुटतो.

4. साहित्य

रंगकामासाठी:
- लेदरसाठीचे अ‍ॅक्रिलिक रंग. अँजेलस या अमेरिकी कंपनीचे सर्वांत जास्त वापरले जातात आणि ऑनलाइन मिळतात. कॅमल किंवा फेविक्रिलचे साधे अ‍ॅक्रिलिक वापरायचे तर त्यात फॅब्रिक मीडियम मिसळा, नाहीतर थर लवचीक राहत नाही
- वरचा थर उतरवायला डीग्लेझर किंवा अ‍ॅसिटोन
- कापूस, जुनं सुती कापड, मास्किंग टेप
- सिंथेटिक केसांचे ब्रश: एक चपटा, एक मध्यम गोल, एक लांब बारीक
- शेवटच्या थरासाठी मॅट किंवा सॅटिन अ‍ॅक्रिलिक फिनिशर

शिवणकामासाठी:
- लेदरची सुई. हिचं टोक गोल नसून धारदार असतं. मशीनला 14 किंवा 16 नंबर
- पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा. सुती नको, कातडं कमावताना वापरलेल्या टॅनिनमुळे तो काळाने कुजतो
- तात्पुरतं धरायला अरुंद दुहेरी टेप किंवा फेविबाँडसारखा रबरी गोंद
- हाताने शिवणार असाल तर आरी आणि दोन बोथट सुया

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच जातीच्या कातड्याचा एक रद्दी तुकडा. धारावीत लेदरची दुकानं आणि कारखाने आहेत, तिथे कापून उरलेले तुकडे मागितले तर मिळतात. इतर शहरांत बॅगा शिवणाऱ्यांकडे विचारा. आधी तुकड्यावर, मग जॅकेटवर. हा नियम रंगाला, टाक्याला आणि गोंदालाही.

5. रंगकाम

तिन्ही प्रकारांत हे घरी करायला सर्वांत सोपं, कारण यात भोक पडत नाही आणि पहिल्या काही मिनिटांत चूक ओल्या कापडाने पुसता येते. मुहूर्त मात्र नीट निवडा. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत थर वरून सुकलेला वाटतो आणि आतून चिकट राहतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

अ) साफसफाई. ओलसर कापडाने धूळ पुसा, जॅकेट रात्रभर वाळू द्या. आधी पॉलिश किंवा तेल लावलेलं असेल तर ते पूर्ण निघायला हवं, तेलावर रंग बसत नाही.

आ) चित्र उतरवणं. ट्रेसिंग पेपरवरच्या रेघांना टाचणीने जवळजवळ भोकं पाडा, कागद जॅकेटवर टेपने पक्का करा आणि खडूची बारीक पूड कापसाने वरून थोपटा. भरतकाम करणारे साडीवर नक्षी उतरवतात तीच ही पद्धत. शिंप्याचा पांढरा किंवा पिवळा कार्बनही चालतो. बॉलपेन कधीही नको. त्याची शाई कातड्यात मुरते आणि फिक्या रंगाखालून महिन्याभराने वर येते.

इ) चमक काढणं. खिडकी उघडा, गॅस-निरांजन-उदबत्ती विझवा, कारण अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं. बोळा किंचित ओला करून फक्त चित्राच्या आतल्या भागात गोल गोल फिरवा. बोळ्यावर तपकिरी रंग उतरू लागेल, घाबरू नका. कातडं निस्तेज दिसलं की थांबा. चित्राबाहेर बोळा गेला तर तिथली चमक जाते आणि कडेने एक फिका प्रभामंडळासारखा डाग राहतो. कडेला टेप लावली की हे टळतं. या घासण्यात खडूच्या रेघा पुसल्या जातात, म्हणून ट्रेसिंगचा कागद वरच्या बाजूने टेपने तसाच धरून ठेवा. तो उलटून काम करायचं आणि मग परत जागेवर आणून पूड थोपटायची.

ई) पांढरा पाया. गडद तपकिरी किंवा काळ्या कातड्यावर थेट पिवळा लावला तर तो शेवाळी दिसतो आणि लाल विटकरी. म्हणून जिथे उजळ रंग येणार तिथे आधी पांढऱ्याचे पातळ थर द्या. पहिला थर देताना मन खट्टू होतं, कारण खालचं कातडं पट्ट्यापट्ट्यांनी दिसत राहतं आणि हात आपोआप जाड रंग घ्यायला जातो. घेऊ नका. पातळ थर, पूर्ण वाळवणं, मग दुसरा पातळ थर. दोन-तीन थरांत तो एकसारखा होतो. हेअर ड्रायर चालेल, पण हातभर लांब आणि कोमट. कातडं जास्त तापलं तर आक्रसतं.

उ) रंग भरणं. मोठे सपाट भाग आधी, सावल्या नंतर, अक्षरांच्या आणि आकृतीच्या बाह्यरेषा सर्वांत शेवटी. प्रत्येक दोन थरांनंतर रंगलेला भाग हलकेच वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर थर जाड झाला आहे किंवा खालची चमक पुरती निघालेली नाही. या टप्प्यावर ते अ‍ॅसिटोनने काढून पुन्हा करता येतं, फिनिशरनंतर फार कठीण जातं.

जुनं दिसावं म्हणून काही जण सँडपेपर मारतात. त्यापेक्षा गडद तपकिरी रंग खूप पाणी घालून चित्रावरून एकदा फिरवा आणि लगेच पुसून घ्या. खाचांत थोडा राहतो आणि नवेपणाचा भडकपणा उतरतो.

ऊ) फिनिशर. मॅट किंवा सॅटिनचे दोन पातळ हात. चकचकीत घेतला तर चित्र जॅकेटवर चिकटवलेल्या प्लास्टिकसारखं दिसतं. त्यानंतर दोन-तीन दिवस जॅकेट रुंद हँगरवर मोकळं टांगून ठेवा. घडी घालू नका आणि पाठ टेकून बसू नका.

थेट जॅकेटवर ब्रश टेकवायची हिंमत होत नसेल तर पातळ कातड्याच्या वेगळ्या तुकड्यावर चित्र काढा आणि तो तुकडा पाठीवर शिवून घ्या. अनेक लष्करी तुकड्यांची चिन्हं मूळ जॅकेटांवर अशीच असत. जॅकेट बदललं तरी चित्र तुमच्याकडे राहतं.

6. पॅच

ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच पॅचना मागे इस्त्रीने चिकटणारा गोंद असतो. लेदरवर इस्त्री चालत नाही आणि शिवताना तोच गोंद सुईला चिकटून टाके सुटतात. बनवून घेताना 'मागे गोंद नको, शिवायचा आहे' असं आधीच सांगा.

नवख्यांना माझा पहिला सल्ला वेल्क्रोचा. मऊ बाजू जॅकेटवर एकदाच शिवायची, काटेरी बाजू पॅचच्या मागे. आजच्या अमेरिकी हवाई दलाच्या लेदर जॅकेटांवरही नावाची पट्टी आणि पॅच वेल्क्रोनेच लावतात, त्यामुळे हे परंपरेला सोडून नाही. भोकांची एकच चौकट पडते आणि पॅच हवा तेव्हा बदलता येतो.

कायमचा शिवायचा असेल तर खरा प्रश्न अस्तराचा असतो. माझं जॅकेट घेऊन गेले तेव्हा कारागीर काकांनी पॅचकडे पाहिलंसुद्धा नाही. जॅकेट उलटं केलं, आत हात घातला, अस्तर चिमटीत धरून ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आधी खालून हे उसवावं लागेल. वरूनच मारलं तर हात वर केलात की सगळं जॅकेट खेचलं जाईल." मग कमरेच्या पट्टीलगतची अस्तराची शिवण त्यांनी पात्याच्या टोकाने एकेक टाका सोडत वीतभर उघडली, आतून हात घालून फक्त कातडं मशीनच्या बारीक भुजेवर चढवलं आणि पॅचच्या गोठाला धरून टाका घातला. मशीन पायाने नाही, हाताने चाक फिरवत. कोपऱ्यावर सुई कातड्यात रुतलेली ठेवूनच जॅकेट वळवायचं, हे मी तिथे पाहून शिकले.

अस्तरासकट शिवण्याचा दुसरा तोटा म्हणजे डाव्या छातीला आतून खिसा असेल तर तो कायमचा बंद होतो. शिवण्याआधी आतले सगळे खिसे हाताने चाचपून बघा.

टाका तीन ते चार मिलिमीटरचा हवा. त्याहून बारीक टाके घातले की कातडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं छिद्रांवरून फाटतं. सुरुवातीला-शेवटी मागेपुढे टाके मारून पक्कं करण्याची शिंप्यांची सवय इथे चालत नाही. दोऱ्याची टोकं आतल्या बाजूला ओढून गाठ मारायची. दुहेरी टेप लावली असेल तर ती सुईच्या वाटेत येऊ देऊ नका. दोरा पॅचच्या गोठाच्याच रंगाचा घ्या.

हाताने शिवायला वेळ लागतो, पण सपाट आणि पोचता येण्याजोग्या जागी ते छान होतं. आरीने समान अंतरावर भोकं पाडून एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

7. भरतकाम

थेट जॅकेटवर भरतकाम करण्याचं मी कुणाला सुचवत नाही. छातीवर नावाची तीन-चार अक्षरं, इतकंच. भरीव भरतकामात एका छोट्या जागेत शेकडो भोकं पडतात आणि तेवढा कातड्याचा तुकडा सुटून हातात येऊ शकतो.

तरी करायचंच असेल तर संगणकी भरतकामाच्या दुकानात 'पंचिंग' (चित्राची मशीनसाठी फाइल बनवणं) करतानाच सांगा की हे लेदरसाठी आहे. टाक्यांची घनता कमी हवी, खालचा भराव कमीत कमी, अक्षरं ठळक आणि मोकळी. टी-शर्टसाठी केलेली फाइल जशीच्या तशी वापरू देऊ नका. कातडं रिंगमध्ये आवळलं तर गोल वळ कायमचा उठतो. रिंगमध्ये फक्त मागे आधाराला लावायचा कागद आवळून कातडं त्यावर चिकटवायला सांगा.

त्यापेक्षा खूपच चांगली वाट म्हणजे फेल्टवर, जाड कापडावर किंवा कातड्याच्या वेगळ्या तुकड्यावर भरतकाम करून घ्यायचं आणि तो पॅच म्हणून लावायचा. जरदोजीचं काम याच पद्धतीने करून घ्या. जरीची तार घामाने आणि दमट हवेने काळवंडते आणि बॅगेच्या पट्ट्याखाली आली तर उसकटते. म्हणून ती खांद्यावर नको, छातीवर ठीक.

8. कारागिराकडे देताना

सोबत न्या: खऱ्या मापाचा कागदी नमुना, जागा दाखवणारा अंगावरचा फोटो, रद्दी तुकडा, तुमचा दोरा आणि भरतकाम असेल तर चित्राची फाइल. जॅकेट देण्याआधी चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढून ठेवा. अस्तर कुठून उघडणार आणि पुन्हा कसं बंद करणार हे आधी विचारा. त्याचं उत्तर पटकन देणारा माणूस लेदरचं काम करणारा आहे असं समजा. 'अस्तर उघडायची गरजच नाही' म्हणणाऱ्याकडे मी देणार नाही.

शक्य असेल तर समोर बसून करून घ्या. जागा दाखवताना 'साधारण इथे' असं म्हणू नका, टेपचे चार तुकडे लावून चौकट आखून द्या.

आणि क्रम: सगळं शिवणकाम आधी, रंगकाम नंतर. मशीनवर जॅकेट उलटंपालटं होतं, आवळलं जातं, दाबलं जातं. ताजं चित्र त्यात घासलं जातं.

9. नंतरची निगा

ड्रायक्लीनला देऊ नका. तिथल्या द्रावणाने अ‍ॅक्रिलिक रंग उठतो. चित्र ओलसर मऊ कापडाने पुसायचं, बस्स. कातड्याला लावायचं कंडिशनर चित्राच्या कडेपर्यंत आणून थांबवा. खोबरेल तेल लावण्याचा घरगुती सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. कातडं डागाळतं आणि काही महिन्यांत खवट वास येतो.

पावसाळ्यात जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलं की बुरशी आलीच. जुनी सुती चादर किंवा उशीचा अभ्रा त्यावर घाला, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मधूनमधून बाहेर काढून पंख्याखाली वारा द्या. पांढरी बुरशी दिसलीच तर गॅलरीत नेऊन कोरड्या कापडाने पुसा, घरात झटकू नका. भिजलं तर हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचं नाही, सावलीत आपोआप वाळू द्यायचं.

चित्राच्या रंगांचे उरलेले थेंब फेकू नका. तुम्ही मिसळून केलेली छटा पुन्हा तशीच जमत नाही. छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरा, वर रंगाचं नाव आणि तारीख लिहा. वर्षभराने बॅगेच्या पट्ट्याखाली एखादा टवका उडाला की तेवढ्याच जागी चमक काढायची, पांढरा पाया, मग रंग, मग फिनिशर.